जोडलेले अरण्य आणि डोळ्यांची साक्ष

अल्लाहने माणसाला बहाल केलेल्या देणग्यांत दृष्टी ही अशी देणगी आहे, की तिच्या साक्षीवर जगाचे निम्मे व्यवहार उभे असतात. न्यायालयात प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या शब्दाला जे वजन असते, ते ऐकीव गोष्टीला नसते. आभाळ ढगाळलेले असताना एका विश्वासू माणसाने रमजानचा चंद्र पाहिल्याची साक्ष दिली, तर त्या एका शब्दावर सारे गाव रोजा धरते. म्हणूनच दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत ३६) ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, असा आदेश आला आणि कान, डोळे व हृदय या तिघांविषयी जाब विचारला जाईल, अशी ताकीदही त्यासोबत आली. डोळ्यांनी काय पाहिले हा जसा प्रश्न विचारला जाईल, तसाच दुसऱ्याच्या डोळ्यांना आपण काय दाखविले, हाही प्रश्न त्यातून आपसूक निघतो.

आज हा प्रश्न एका नव्या रूपात आपल्या घरात आला आहे. संगणकावरील व मोबाइलवरील संपादनाच्या साधनांनी वन्यजीवांची दृश्ये 'जोडून' तयार करता येतात. एका छायाचित्रातला वाघ घ्यावा, दुसऱ्यातले पाणवठ्याचे दृश्य घ्यावे, तिसऱ्यातली सायंकाळ आणि चौथ्यातला उडता बगळ्यांचा थवा. प्रत्येकाची कडा कापून तो वेगवेगळ्या थरांवर ठेवावा, उजेडाची दिशा जुळवावी, वाघाच्या पायाखाली सावली रंगवावी, पाण्यात त्याचे उलटे प्रतिबिंब घालावे, आणि जे दृश्य पृथ्वीवर कधीच घडले नाही ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करावे. १९९० साली 'फोटोशॉप' बाजारात आले, तेव्हा हे काम मोजक्या जाणकारांचे होते. आता आठवीतला मुलगाही ते सहज करतो.

या कामाचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखे आहे. २००१ साली ईमेलमधून एक चित्र जगभर फिरले. त्यात हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकलेला माणूस आणि खाली समुद्रातून झेप घेणारा प्रचंड शार्क मासा होता. हे 'नॅशनल जिऑग्राफिक'चे वर्षातील सर्वोत्तम छायाचित्र आहे, असेही सोबत लिहिलेले असे. त्या संस्थेला शेवटी खुलासा करावा लागला. हेलिकॉप्टरचे छायाचित्र अमेरिकेतील सान फ्रान्सिस्कोच्या पुलाजवळचे होते, तर शार्क दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. हेलिकॉप्टर खरे होते आणि मासाही खराच होता. खोटी होती ती केवळ त्यांची भेट.

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने मला याविषयी विचारले. तो छायाचित्रांच्या संपादनाचे काम करून घर चालवितो. जंगलाजवळच्या एका निवासाच्या मालकाने त्याला माहितीपत्रकाचे काम दिले होते. निवासाच्या सज्जासमोरील तळ्यावर वाघीण आणि तिचे तीन बछडे पाणी पीत आहेत, असे चित्र मालकाला हवे होते. 'इमामसाहेब, वाघ त्या जंगलात आहेतच. तळेही तिथलेच आहे. मी फक्त दोन्ही एकत्र आणतो. यात माझी रोजी खराब होते का?' असे तो म्हणाला. त्याच्या प्रश्नामागे घरभाडे होते, लहान बहिणीची फी होती, आणि तरीही मनाला लागलेली टोचणी होती. अशा प्रश्नाला 'हराम' किंवा 'चालते' असे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होणे, हा त्या टोचणीचा अनादर ठरेल. म्हणून त्याचे म्हणणे नीट तपासून पाहू.

या कामाच्या बाजूने साधारणपणे तीन युक्तिवाद केले जातात. पहिला, चित्रातला प्रत्येक भाग खरा असतो. दुसरा, ही कला आहे आणि कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. तिसरा, एका सुंदर चित्राने कोणाचे काय बिघडते?

पहिल्या युक्तिवादाचे उत्तर आपल्या मुहद्दिसांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. हदीसच्या प्रत्येक कथनाला दोन अंगे असतात. एक 'मतन', म्हणजे मूळ मजकूर, आणि दुसरी 'सनद', म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. इमाम बुखारी (रह.) बगदादला आले, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतल्याचा प्रसंग मदरशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. शंभर हदीस निवडल्या गेल्या, एकीची सनद दुसरीच्या मतनला जोडण्यात आली आणि दहा जणांनी प्रत्येकी दहा याप्रमाणे त्या इमामसाहेबांपुढे ठेवल्या. प्रत्येक हदीसला त्यांनी 'मला हे माहीत नाही' एवढेच उत्तर दिले. सर्वांचे संपल्यावर मात्र त्यांनी क्रमाने एकेक साखळी उचलून तिच्या मूळ मजकुराला जोडून दाखविली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही, की त्या शंभर साखळ्या खऱ्या होत्या आणि शंभर मजकूरही खरेच होते. तरीही जोडलेले कथन इमामसाहेबांनी ओळखण्यास नकार दिला, कारण अमक्याने अमके सांगितले हा संबंधच खोटा होता. हदीसशास्त्रात अशा उलटापालट केलेल्या कथनाला 'मक्लूब' म्हणतात.

सत्य हे सुट्या तुकड्यांमध्ये नसते. ते तुकड्यांच्या परस्परसंबंधात असते. हा वाघ, या तळ्यावर, या वेळी, असे छायाचित्र सांगते. त्यातील वाघ खरा आणि तळे खरे, पण 'या तळ्यावर' आणि 'या वेळी' हे शब्द खोटे असतील, तर विधान खोटेच ठरते. सूरह अल्-बकरामध्ये (आयत ४२) सत्यात असत्य मिसळू नका आणि जाणूनबुजून सत्य झाकू नका, असे बजावले आहे. ती आयत इस्राईलच्या संततीला उद्देशून आहे, परंतु तिचा उपदेश सर्वांसाठी आहे. निव्वळ असत्य चटकन ओळखू येते. सत्याच्या आधाराने उभे राहिलेले असत्य ओळखू येत नाही, आणि म्हणूनच मनाई मिसळण्याची आहे.

दुसरा युक्तिवाद कलेचा. तो वजनदार आहे आणि त्याला न्याय दिला पाहिजे. इब्नुल मुकफ्फा यांनी आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' अरबीत आणले. आपल्याच पंचतंत्राची ती परदेशी गेलेली लेक. त्यात कोल्हे राजकारण करतात आणि बैल तत्त्वज्ञान सांगतात. शतकानुशतके मुसलमानांच्या घरांत ते वाचले गेले, आणि कोणीही त्याला खोटी साक्ष म्हटले नाही. का? कारण वाचणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते, की ही कथा आहे. तेथे दोघांमध्ये एक मूक करार असतो. खोटेपणा हा कल्पनेत नसतो. कल्पनेला पाहिलेली गोष्ट म्हणून पुढे करण्यात तो असतो. छायाचित्राचा करार निराळा आहे. छायाचित्र न बोलता म्हणते, 'मी तेथे होतो, हे माझ्यासमोर घडले.' पाहणारा थक्क होतो तो त्या 'घडले' या शब्दावर विसंबून. संपादकाने दृश्य जोडले आणि तसे सांगितले, तर तो चित्रकार झाला. जोडले आणि सांगितले नाही, तर त्याने साक्षीदाराच्या आसनावर बसून कथा सांगितली.

येथे एक फिकही बाब नमूद करणे आवश्यक आहे. सजीवांच्या छायाचित्राविषयी उलमांमध्ये मतभेद आहे. आपल्या उपखंडातील अनेक उलमांनी त्याला 'तस्वीर' मानून मनाई केली आहे, आणि ज्यांना ते मत पटते त्यांनी त्यावर अमल करावा. तो वाद सोडविणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु ज्यांनी परवानगी दिली, त्यांचे कारण पाहण्यासारखे आहे. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल्-मुतीई (रह.) यांनी मांडले, की कॅमेरा काही घडवीत नाही. जी सावली आरशात क्षणभर पडते, तीच तो धरून ठेवतो. म्हणजे परवानगीचा सारा डोलारा 'जसे होते तसे' या पायावर उभा आहे. आरशात नसलेला वाघ आरशात आणून बसविला, तर तो आरसा राहत नाही. ज्या तरुणांना वाटते की कॅमेऱ्याला मिळालेली मुभा जोडकामालाही आपोआप लागू होते, त्यांनी हा पाया पुन्हा एकदा पाहावा. कारण निघून गेले की त्या कारणावर टेकलेला निर्णयही डळमळतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे : कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच मिळते. रानपिंगळा हे एक लहानसे घुबड आहे. १८८४ नंतर त्याची कोठे खात्रीशीर नोंद झाली नाही. अपवाद होता तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षिसंग्राहकाच्या एका नमुन्याचा. त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. पुढे तज्ज्ञांनी तपासले तेव्हा आढळले, की तो नमुना एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच संग्राहकाने मिळविलेला होता. या गृहस्थाने तो संग्रहालयातून चोरला, पुन्हा नव्याने भरला आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली. पक्षी खरा, ठिकाणही खरे, जोडणी खोटी. त्या एका चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची वाट चुकविली. खोटी नोंद बाजूला सारून पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या मागावर निघाले, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. (खोट्या कथनकर्त्याचे नाव सांगणे मुहद्दिसांनी गीबत मानलेले नाही, कारण त्याच्या नोंदी अजूनही लोकांच्या हाती पडतात. म्हणूनच येथे नाव दिले.) ज्या जिवाला माणसाच्या संरक्षणाची गरज होती, त्याच्याविषयी माणसाने खोटी साक्ष दिली. सूरह अल्-अन्आममध्ये (आयत ३८) जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. समुदायाविषयी खोटी साक्ष देणे हा त्या समुदायावरचा अन्याय आहे, मग त्याला न्यायालयात जाता येत नसले तरीही.

माणसांचेही बिघडतेच. पुराच्या पाण्याने भरलेल्या रस्त्यावर शार्क पोहत असल्याचे एक जोडचित्र २०११ पासून अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळानंतर पुन्हा डोके वर काढते. त्यातला मासा आफ्रिकेच्या समुद्रात एका होडीमागे पोहतानाच्या छायाचित्रातून कापलेला आहे. संकटात सापडलेल्या लोकांना खऱ्या सूचनांची गरज असते, त्या वेळी ही थट्टा त्यांच्या हाती पडते. जुन्नरच्या परिसरात बिबट्या खरोखरच उसात राहतो आणि तेथेच पिल्ले वाढवितो. तेथील एखाद्या वस्तीचे छायाचित्र घेऊन कोणी त्यात बिबट्या बसविला व व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला, तर आधी शेतमजूर बाया कामावर जाणे टाळतील, आणि मागाहून, खरा बिबट्या आल्याचे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. सूरह अल्-हुजुरातमध्ये (आयत ६) बातमीची शहानिशा करण्याचा आदेश याच कारणाने दिला आहे, की अजाणता कोणाचे नुकसान होऊन नंतर पस्तावण्याची पाळी येऊ नये. 'गंमत म्हणून पाठविले' हे उत्तरही पुरेसे नाही. लोकांना हसविण्यासाठी खोटे बोलणाऱ्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठोर शब्द वापरले आहेत.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या चित्राला बाजारभाव होता, आणि बाजारात आले की प्रकरण आणखी गंभीर होते. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसविणारा आमच्यापैकी नव्हे, असा इशारा दिला. ह. अबू हुरैरा (रजि.) यांची ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. विक्रेता तोंडाने खोटे बोलला नव्हता. रास तशी रचली होती, एवढेच. तसेच जनावर विकण्यापूर्वी काही दिवस दूध न काढता त्याची कास फुगवून दाखविण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि अशा खरेदीदाराला जनावर परत करण्याचा अधिकार दिला. कास खरी, दूधही खरे, पण दिसणे खोटे. माहितीपत्रकातील वाघीण ही फुगविलेली कासच होय. ते चित्र पाहून एखादा नोकरदार बाप वर्षभराची शिल्लक काढून मुलाबाळांना घेऊन येईल, दोन दिवस सज्जात बसून रिकाम्या तळ्याकडे पाहील आणि परत जाईल. त्याच्या पैशातला काही भाग संपादकाच्या मजुरीतही आलेला असेल.

म्हणून मी त्या तरुणाला सांगितले, की तुझे कौशल्य हराम नाही आणि तुझी रोजीही हराम नाही. हे एक काम, या रूपात, करू नकोस. मालकाला म्हण, की चित्रातच ठळक अक्षरांत 'संगणकावर जोडलेले काल्पनिक दृश्य' असे लिहितो. तळटिपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून भागणार नाही. ओले धान्य वर ठेवायला सांगितले होते, ही गोष्ट विसरू नकोस. नाहीतर त्या तळ्यावर जे खरोखर येते, भेकर, खंड्या, पहाटेचे धुके, त्याची सुंदर चित्रे मांडून देतो, असे म्हण. मालक कदाचित काम काढून घेईल. तो तोटा खरा आहे, आणि तो सोसायला सांगणाऱ्याने त्याला हलके लेखू नये. अल्लाहसाठी सोडलेल्या वस्तूचा मोबदला त्याच्याकडे असतो, हा आपला विश्वास आहे. पण त्याचबरोबर समाजातील सुस्थित लोकांनी, व्यापाऱ्यांनी आणि संस्थांनी अशा तरुणांना प्रामाणिक काम द्यावे, हीदेखील जबाबदारी आहे. एकट्या गरिबाच्या खांद्यावर साऱ्या जमातीचे सत्य ठेवून आपण निवांत बसू शकत नाही.

याचा अर्थ प्रत्येक संपादन निषिद्ध आहे, असा मुळीच नव्हे. उजेड कमी-अधिक करणे, कडा छाटणे, भिंगावरच्या धुळीचा ठिपका पुसणे, हे चष्मा पुसण्यासारखे आहे. एखाद्या कीटकाचे बारीक छायाचित्र घेताना कॅमेऱ्याला सारे अंग एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा त्याच कीटकाची, त्याच जागी, लागोपाठ घेतलेली छायाचित्रे एकत्र करतात. त्यात असत्य सांगितले जात नाही, उलट असलेलेच नीट दाखविले जाते. नामशेष झालेल्या प्राण्याचे दृश्य पाठ्यपुस्तकासाठी रचणे आणि तसे सांगणे, हेही ज्ञानाचेच काम आहे. कसोटी सोपी आहे : हे कसे तयार केले ते पाहणाऱ्याला कळले, तर त्याला फसविल्यासारखे वाटेल काय? वाटेल, तर आधीच सांगून टाकावे.

बाजार नसतानाही एक मोह उरतो, तो म्हणजे वाहवा. स्वीडनमधील एका छायाचित्रकाराला तेथील शासकीय पर्यावरण संस्थेने २०१० सालचा निसर्ग छायाचित्रकार म्हणून गौरविले होते. पुढच्याच वर्षी एका जाणकाराच्या लक्षात आले, की जुलै महिन्यातले म्हणून दाखविलेल्या त्याच्या चित्रातील लिंक्स या रानमांजराच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस आहेत. चौकशीअंती त्याने दुसऱ्यांच्या छायाचित्रांतील प्राणी आपल्या दृश्यांत बसविल्याचे मान्य केले. त्याने कबुली दिली असल्याने त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. कियामतच्या दिवशी माणसाची कातडी त्याच्याविरुद्ध साक्ष देईल, असे सूरह हा-मीम सजदामध्ये (आयत २० व २१) सांगितले आहे. येथे एका मुक्या जनावराच्या कातडीने दुनियेतच साक्ष दिली. न केलेल्या कामाबद्दल स्तुती व्हावी अशी आवड बाळगणाऱ्यांना सूरह आलि इम्रानमध्ये (आयत १८८) इशारा आहे. ह. अस्मा (रजि.) यांच्या कथनानुसार, जे मिळाले नाही ते मिळाल्याचा आव आणणाऱ्याची तुलना प्रेषितांनी (स.) खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरलेल्या माणसाशी केली. न पाहिलेले अरण्य पाहिल्याचा आव आणणारा याहून निराळा कोठे असतो?

शेवटी एक हानी अशी आहे, जिची भरपाई कोणत्याही खुलाशाने होत नाही. ती पाहणाऱ्याच्या मनाची हानी होय. सूरह अल्-गाशियामध्ये (आयत १७) उंट कसा निर्माण केला गेला ते पाहण्यास सांगितले आहे. उंट हा अरबांच्या दारातला प्राणी होता, रोज दिसणारा. कुरआनने माशी, मुंगी, कोळी आणि मधमाशी यांची उदाहरणे दिली, आणि चिलटाचे उदाहरण देण्यास अल्लाह संकोचत नाही, असे सूरह अल्-बकरात (आयत २६) स्पष्ट केले. विस्मय ही दुर्मीळ दृश्याची मक्तेदारी नाही, नीट पाहणाऱ्या डोळ्यांचा तो हक्क आहे. ज्या मुलाला पडद्यावर एकाच चौकटीत वाघ, इंद्रधनुष्य, मोर आणि पूर्ण चंद्र पाहण्याची सवय लागली, त्याला अंगणातली चिमणी फिकी वाटते. मग निर्मात्याची निर्मिती त्याला अपुरी वाटू लागते आणि माणसाने ती दुरुस्त करायला हवी होती, असे वाटते. सूरह अल्-मुल्कमध्ये (आयत ३ व ४) पुन्हा पुन्हा नजर टाकून काही उणीव दिसते का ते पाहण्याचे आव्हान दिले आहे. थकून परतते ती नजरच. जोडचित्रांनी पोसलेली नजर मात्र थकेपर्यंत पाहतच नाही.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) हे मुंबईच्या एका मुस्लिम घरातले. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीच्या कुतूहलाने त्यांना आयुष्यभराची वाट दाखविली. चिमणीच ती, पण तिच्याविषयीचा प्रश्न खरा होता. आपल्या मुलांना आपण खरे प्रश्न पडू देऊ. सुट्टीच्या दिवशी त्यांना ओढ्याकाठी किंवा गावच्या तळ्यावर न्यावे आणि अर्धा तास गप्प बसावे. काही दिसले नाही, तर 'आज काही दिसले नाही' असे म्हणण्याची सवय लावावी. खऱ्या अरण्यात धीर धरावा लागतो आणि पुष्कळदा रिकाम्या डोळ्यांनी परतावे लागते. तो रिकामेपणाही सत्यच आहे. मोबाइलवर एखादे अद्भुत दृश्य आले, तर पुढे पाठविण्यापूर्वी 'हे कोठले, कोणी पाहिले, केव्हा?' हे तीन प्रश्न मुलांकडूनच विचारून घ्यावेत. सनद विचारणे ही आपल्या उम्मतची जुनी परंपरा आहे. तिला घरात पुन्हा जागा मिळावी.

अल्लाह आपल्या डोळ्यांना सत्य पाहण्याची, हातांना सत्य दाखविण्याची आणि जिभेला 'मी हे पाहिले नाही' असे म्हणण्याची हिंमत देवो. आमीन.